घरच्या घरी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या स्प्रिंगा बदलताना

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी मेहनत अंगठ्याची असते. अंगठ्याने घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरतो, जागेवर कुलूपबंद होतो आणि घोडा चापाच्या टोकावर अडकतो. चापाला फक्त तो सोडून द्यायचा असतो. ही साखळी चालते ती तीन-चार स्प्रिंगांच्या जोरावर. घोड्याची मुख्य स्प्रिंग काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टिकलीवर) घाव घालायला, दुसरी चाप जागेवर परत आणायला, तिसरी सिलिंडर अडवणाऱ्या बोल्टला वर ढकलायला आणि चौथी सिलिंडर फिरवणाऱ्या 'हँड' या पट्टीला पुढे दाबून धरायला. कारखान्याला कुठल्याही काडतुसावर, कितीही थंडीत आणि घाणीत शस्त्र चालायला हवं असतं, म्हणून या स्प्रिंगा गरजेपेक्षा जरा कडकच बसवलेल्या असतात. परिणामी अंगठा दुखतो आणि चाप जड लागतो.

स्प्रिंग बदलणं हा यावरचा सर्वांत सभ्य उपाय आहे असं माझं ठाम मत आहे, कारण तो उलटा फिरवता येतो. नवी स्प्रिंग पटली नाही तर जुनी परत बसते. घोड्याच्या खाचा किंवा चापाचं टोक कानशीने घासलं तर ते परत येत नाही, आणि त्या एवढ्याशा पोलादावर सगळी सुरक्षा टेकलेली असते. त्यामुळे या लेखात कुठेही कानस चापाच्या टोकाला किंवा घोड्याच्या खाचांना लागणार नाही.

एक गोष्ट कामाला हात लावण्याआधीची. स्वतःच्या शस्त्राची दुरुस्ती घरी करायला सगळीकडे परवानगी नसते. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. तिथे हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायचं. इतर ठिकाणीही आधी आपला कायदा बघा. काम दुसऱ्याच्या हातून होणार असेल तरी पुढचं वाचून ठेवा, म्हणजे परत आलेलं शस्त्र कसं तपासायचं ते कळेल.

बदलायची वेळ कधी येते

अंगठ्याला जड लागतं हे एक कारण झालं. त्यापेक्षा महत्त्वाची लक्षणं वेगळी. घोडा भरभर ओढला की सिलिंडर आपल्या घरापुढे निसटतो, म्हणजे बोल्टची स्प्रिंग थकली आहे. नळी वर करून घोडा ओढला तर सिलिंडर फिरतच नाही, म्हणजे हँडची स्प्रिंग मोडली किंवा मऊ पडली आहे; नळी वर असताना हँड स्वतःच्या वजनाने मागे पडतो आणि त्याला पुढे ढकलायला फक्त ती स्प्रिंगच असते. चाप लोंबकळतो, सोडल्यावर पुढे येत नाही, तर चापाची स्प्रिंग गेली. प्रायमरवर उथळ खूण पडून काडतूस उडत नसेल तर मुख्य स्प्रिंगकडे संशयाने बघायचं, पण त्याआधी घोड्याभोवतीची वाळलेली ग्रीस साफ करून बघा. अर्धी 'कमजोर स्प्रिंग' तिथेच बरी होते.

दोन घराणी

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिला 1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचा आणि उबर्टी, पिएटा यांच्यासारख्या इटालियन प्रतिकृतींचा. यात मूळ रचनेप्रमाणे चपट्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. दुसरा रूगरचा. 1953 मध्ये सिंगल-सिक्स काढताना रूगरने चपट्या पट्ट्यांऐवजी गुंडाळीच्या तारेच्या स्प्रिंगा घेतल्या, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने तो निर्णय किती चांगला होता हे जुन्या कोल्टची मोडलेली बोल्ट-स्प्रिंग हातात आली की कळतं. 1973 पासून रूगरच्या 'न्यू मॉडेल' शस्त्रांत ट्रान्सफर बार, म्हणजे घोड्याचा घाव पुढे पोचवणारी पट्टी, आला. चाप दाबलेला असेल तरच घोड्याचा घाव फायरिंग पिनपर्यंत, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या सुईपर्यंत, पोचतो.

आपलं शस्त्र यातलं कुठलं हे आधी ओळखा आणि त्याच मॉडेलसाठी म्हणून विकली जाणारी स्प्रिंग घ्या. 'साधारण तशीच दिसते' म्हणून दुसऱ्या मॉडेलची बसवू नका.

रिकामी करणं

काडतुसं ज्या खोलीत काम करणार त्या खोलीतून बाहेर. मग शस्त्र उघडा. कोल्ट प्रकारात आणि रूगरच्या जुन्या, बाजूला तीन स्क्रू असलेल्या मॉडेलमध्ये घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे दोन 'टिक' होईपर्यंत ओढायचा, तेव्हा सिलिंडर मोकळा फिरतो. मग गेट (काडतुसं घालायचं-काढायचं बाजूचं झाकण) उघडून एकेक घर बघायचं. रूगर न्यू मॉडेलमध्ये घोड्याला हात लावायचा नाही. गेट उघडलं की सिलिंडर मोकळा होतो. सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक प्रत्येक घरात घालून बघा. त्यानंतर बेस पिनचा (सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्याचा) खटका दाबून पिन पुढे ओढा आणि सिलिंडर उजवीकडून बाहेर काढा. सिलिंडर टेबलावर वेगळा दिसला की मगच पुढचं.

अवजारं

सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या स्क्रूड्रायव्हरमुळे होतं. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात. घरातल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना धरतं आणि जोर लावला की निसटून डोकं कुरतडतं. समांतर बाजूंचं पातं असलेले, बंदुकीसाठीचे बिट घ्या. पातं खाचेची पूर्ण लांबी आणि पूर्ण जाडी भरून बसलं पाहिजे. अडकलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग बिट खाचेत धरून त्यावर हलकेच दोन टोले द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

याशिवाय पंच, लहान चिमटा, एक मजबूत खिळा किंवा पोलादी पिन, जबड्यांना चामडं लावलेला शिकंजा आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्याला पर्याय नाही. पुठ्ठ्यावर शस्त्राचं चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू चित्रातल्या त्याच जागी खोचून ठेवा. बाजूचे तीन स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, मुठीच्या चौकटीचेही नसतात.

कोल्ट प्रकार: मुख्य स्प्रिंग

घोडा पूर्ण खाली असू द्या. मुठीची मागची पट्टी तीन स्क्रूंनी धरलेली असते: घोड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि तळाशी एक. ते काढले की पट्टी आणि एकसंध लाकडी मूठ मागे सरकून निघते. आता चपटी मुख्य स्प्रिंग उघडी दिसते. खाली तिला मुठीच्या पुढच्या पट्टीला बांधणारा एक स्क्रू आहे, आणि तिचं वरचं टोक घोड्याच्या शेपटाकडच्या छोट्या रोलरखाली टेकलेलं आहे.

तो स्क्रू एकदम काढू नका. काही आटे सैल करा, ताण कमी होतो. मग स्प्रिंगचं वरचं टोक बाजूला सरकवून रोलरखालून मोकळं करा आणि त्यानंतर स्क्रू पूर्ण काढा. बोटाऐवजी लाकडाच्या तुकड्याने सरकवा, कारण ताणलेली पट्टी बोटाचं कातडं सहज सोलते.

नवी पट्टी बसवण्याआधी तिच्या कडा उजेडात धरून बघा. कडेवर आडवा ओरखडा किंवा खाच असेल तर पट्टी तिथूनच मोडणार. बारीक पॉलिश पेपरने कडा लांबीच्या दिशेने गुळगुळीत करा, आडवं कधीच नको. ताण कमी करायला पट्टी हाताने वाकवणं किंवा तापवणं पूर्ण वर्ज्य. तापवली की पाणी उतरतं आणि पट्टी स्प्रिंग राहत नाही. रोलरखाली येणाऱ्या टोकावर ग्रीसचा ठिपका द्या.

थोडासाच फरक हवा असेल तर जुनी पट्टी तशीच ठेवून तिच्या तळाशी, पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये, पातळ चामड्याचा तुकडा किंवा वॉशर घालण्याची जुनी युक्ती आहे. ताण किंचित उतरतो. स्क्रूचे पुरेसे आटे चौकटीत बसतात ना, तेवढं मात्र बघायला हवं.

बसवताना क्रम उलटा. स्क्रू अर्धा आत, टोक रोलरखाली, मग स्क्रू घट्ट.

कोल्ट प्रकार: चाप आणि बोल्टची स्प्रिंग

या प्रकारात सगळ्यात आधी दगा देते ती हीच. एकाच चपट्या तुकड्याला दोन बोटं असतात. एक चापाला दाबतं, दुसरं बोल्टला. बोटं अरुंद, वाकणं सततचं, त्यामुळे एक बोट मुळाशी तडकतं आणि चाप किंवा बोल्ट लुळा पडतो.

मागची पट्टी आणि मुख्य स्प्रिंग काढल्यावर चापाचं कडं चौकटीतून सोडवायचं. त्याला एक स्क्रू पुढे आणि दोन मागे असतात. कडं खाली आलं की आतमध्ये ही दोन बोटांची स्प्रिंग एकाच स्क्रूवर बसलेली दिसते. स्क्रू सोडवा, स्प्रिंग घ्या. घोडा, चाप, बोल्ट यांना हात लावायची गरज नाही.

तिच्या जागी वळवलेल्या तारेची स्प्रिंग मिळते. माझा कौल निःसंशय तारेला. ती मऊ चालते आणि चपट्या बोटांसारखी अचानक मोडत नाही. बसवताना दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या. तारेचं एकेक टोक चापाच्या आणि बोल्टच्या पाठीवर मध्यावर टेकतंय का, आणि दोन्ही टोकं हलताना एकमेकांना किंवा चौकटीला घासत नाहीत ना. स्क्रू शेवटच्या पाव फेरीत आवळताना स्प्रिंग स्क्रूबरोबर फिरायला बघते आणि टोक सरकतं. म्हणून लाकडी काडीने ती जागेवर धरून आवळा. मग चाप बोटाने दाबून सोडा, बोल्ट खाली दाबून सोडा. दोघेही चटकन परत आले पाहिजेत.

कोल्ट प्रकार: हँडची स्प्रिंग

यासाठी घोडा बाहेर काढावा लागतो. दोन बोटांची स्प्रिंग काढल्यावर बाजूचे चापाचे आणि बोल्टचे स्क्रू काढून ते दोन्ही भाग घ्यायचे, मग घोड्याचा स्क्रू. घोडा खालच्या बाजूने ओढला की त्याला जोडलेला हँड सोबत येतो. हँडच्या खाचेत एक पातळ पोलादी पाती ठोकून बसवलेली असते, तीच स्प्रिंग.

खाच किंचित उघडून जुनी पाती काढणं, नवी घालणं आणि खाच परत दाबणं, एवढंच काम. पण ते नाजूक आहे. शिकंजा आणि लहान पंच यांची सवय असेल तरच करा. पूर्ण नवा हँड विकत घेतला तर सुटका होईल असं वाटतं, पण त्याची लांबी प्रत्येक शस्त्राला जुळवावी लागते, आणि लांबी चुकली की सिलिंडर कधी कुलूपबंद होतो ती वेळच बदलते. चौकटीला भोक पाडून गुंडाळीची स्प्रिंग आणि प्लंजर (स्प्रिंगने ढकलली जाणारी छोटी दांडी) बसवण्याचा बदलही होतो. तो घरचा नव्हे, कारागिराचा.

परत जोडताना बाजूचा प्रत्येक स्क्रू आवळला की तो भाग हलवून बघा. घोड्याचा स्क्रू शेवटपर्यंत आवळल्यावर घोडा जड झाला तर कुठेतरी घासतंय, तिथेच थांबा.

रूगर न्यू मॉडेल

इथलं काम तुलनेने सोपं आहे. मुठीच्या दोन्ही फळ्या काढा. घोडा पूर्ण ओढा. मुख्य स्प्रिंगच्या मधून जाणाऱ्या दांड्याच्या खालच्या भागात एक भोक दिसेल. त्यात मजबूत खिळा किंवा पिन घाला. आता अंगठ्याने घोडा घट्ट धरून चाप दाबा आणि घोडा सावकाश पुढे न्या. स्प्रिंग पिनमागे अडकून राहते आणि दांडा, स्प्रिंग, खालची बैठक हा पूर्ण संच मोकळा होतो. बैठकीची कुठली बाजू कुठे होती याचा फोटो काढून ठेवा.

संच शिकंजात उभा धरा, बैठक जोराने दाबा, पिन ओढा, मग हळूहळू सोडा. हात निसटला तर ही स्प्रिंग छताला लागते. तोंड त्या रेषेत आणू नका आणि संचावर जाड फडकं धरा. नवी स्प्रिंग चढवून हेच उलट.

चापाच्या स्प्रिंगसाठी मुठीची पूर्ण चौकट काढावी लागते. पाच स्क्रू आहेत. चौकट सुटताना तिच्याखाली दबलेल्या दोन लहान स्प्रिंगा आपापल्या प्लंजरसह मोकळ्या होतात, एक सिलिंडर अडवणाऱ्या खटक्याची आणि दुसरी सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीची. शस्त्र पालथं धरून, चौकट केसाएवढी उचलत जा आणि त्या कुठून येतात ते बघा. प्लास्टिकच्या मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून हे केलं तर उडालेला भाग पिशवीतच राहतो.

चापाच्या स्प्रिंगची एक तार तिच्या खुंटीवरून उतरवून ठेवायची, म्हणजे चाप फुकटात हलका होतो, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. एकाच बाजूने दाबलेला चाप तिरका ओढला जातो आणि मोकळी तार मुठीच्या आत फिरत राहते. 30 औंसाची हलकी स्प्रिंग बाजारात तयार मिळते, ती बसवा.

किती हलकी घ्यायची

रूगरसाठी वुल्फ कंपनीच्या स्प्रिंगा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. कारखान्याची घोड्याची स्प्रिंग 23 पौंडांची धरली जाते, आणि हलक्या 17, 18, 19 पौंडांच्या मिळतात. आकडा जितका कमी तितकं चांगलं अशी ओढ लागते. ती आवरा. घोड्याचा पहिला धर्म प्रायमर पेटवणं. प्रायमर सगळे सारखे नसतात. फेडरलचे मऊ म्हणून ओळखले जातात, सीसीआयचे कडक. एकाच मऊ प्रायमरच्या काडतुसांनी कागदी लक्ष्यावर सराव करायचा असेल तर 17 चालू शकेल. वेगवेगळी काडतुसं वापरणाऱ्याने 19 पासून सुरुवात करावी. रानात जनावरापासून संरक्षणासाठी जवळ बाळगलेल्या शस्त्रात मी कारखान्याचीच स्प्रिंग राहू देईन.

आणखी एक शिस्त: एका वेळी एकच स्प्रिंग बदला आणि तपासा. तीन एकदम बदलल्या तर बिघाड कुणाचा ते कळत नाही. चापाचं वजन काट्यावर मोजा. 3 पौंडांच्या, म्हणजे साधारण 1.4 किलोच्या खाली गेला तर मागे फिरा.

टेबलावरची तपासणी

शस्त्र रिकामंच. सिलिंडर बसवा आणि घोडा अगदी सावकाश ओढा. कोल्ट प्रकारात चार स्वच्छ टिक ऐकू यायला हवेत: सुरक्षा खाच, अर्धी खाच, बोल्ट सिलिंडरवर सुटतो तो, आणि पूर्ण खाच. एखादा टिक मुका झाला किंवा दोन एकत्र आले तर चाप आणि बोल्टची स्प्रिंग नीट बसली आहे ना ते आधी बघा.

मग सिलिंडरवर दुसऱ्या हाताचं बोट हलकं टेकवून, किंचित विरोध करत घोडा ओढा. घोडा पूर्ण खाचेवर पोचेपर्यंत सिलिंडर कुलूपबंद झालाच पाहिजे. हे सहाही घरांवर करा, कारण एखादंच घर मागे राहतं. त्यानंतर भरभर ओढून बघा, सिलिंडर पुढे निसटतो का. नळी वर करून, नळी खाली करून बघा.

घोडा पूर्ण ओढलेल्या स्थितीत चापाला हात न लावता अंगठ्याने त्याला पुढे ढकला, मध्यम जोराने. तो सुटला तर शस्त्र वापरायचं नाही. कोल्ट प्रकारात अर्ध्या खाचेवर चाप हलका दाबून बघा, घोडा पडता कामा नये. चापाची स्प्रिंग फार कमजोर असली तर चापाचं टोक खाचेत पूर्ण उतरत नाही, आणि ही चाचणी तेच पकडते.

रिकामा घोडा पुन्हा पुन्हा पाडायचा असेल तर डमी काडतुसं घाला. .22 रिमफायरच्या (ज्याच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर घाव बसतो त्या प्रकारच्या) काही शस्त्रांत रिकामा घाव थेट सिलिंडरच्या कडेवर बसतो आणि कड चेपते.

मैदानावर

पहिल्यांदा एकच काडतूस. मग दोन. मग पूर्ण भरणा, तोही कोल्ट प्रकारात आणि ट्रान्सफर बार नसलेल्या जुन्या रूगरमध्ये पाचच, घोडा रिकाम्या घरावर. त्याची पद्धत ठरलेली आहे: अर्ध्या खाचेवर गेट उघडून एक घर भरा, एक सोडा, पुढची चार भरा, गेट बंद करा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि धरून सावकाश खाली न्या. तो रिकाम्या घरावरच येतो. अर्ध्या खाचेवरून थेट खाली नेलात तर बोल्ट चुकीच्या जागी उठून सिलिंडरभोवती रेघ पाडतो.

चाप दाबला आणि बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग ते काढून खूण बघा. उडालेल्या काडतुसांच्या प्रायमरवरच्या खुणा जुन्या स्प्रिंगने पडलेल्या खुणांशेजारी ठेवून बघितल्या की फरक लगेच दिसतो. म्हणून बदल करण्याआधीच्या पाच-सहा पुंगळ्या जपून ठेवा. शंभरात एकही काडतूस दगा देत असेल तर एक पायरी कडक स्प्रिंग घ्या.

गोळीबारानंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा, विशेषतः कोल्ट प्रकारातले. पहिल्या काही फेऱ्यांत ते सैल होतात. वारंवार सुटत असतील तर निळ्या, म्हणजे परत उघडता येणाऱ्या, थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब आट्यांवर पुरतो. काढलेल्या स्प्रिंगा तेलाचं बोट फिरवून छोट्या पिशवीत घाला, वर शस्त्राचं मॉडेल आणि तारीख लिहा, आणि पिशवी शस्त्राच्याच पेटीत ठेवा.